लक्ष्मण खळदकर हरवले आहेत

फॅक्स आला तेव्हा प्रसन्न खळदकर जागेवर नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं. तो खालच्या कन्व्हिनियन्स स्टोअरात मासा नसलेला भाताचा गोळा शोधत होता. टोकियोत येऊन सहा वर्षं झाली तरी हा शोध त्याला रोज नव्याने करावा लागे, कारण ‘यात मासा नाही’ याचा अर्थ जपानी माणसाच्या मते ‘यात मासा फार नाही’ असा होतो. अखेर आंबट लोणचं घातलेला एक गोळा मिळवून तो विजयी मुद्रेने वर आला, तर अख्खा विभाग त्याच्या टेबलाभोवती जमलेला.

फॅक्स पुण्याच्या गुणवंतकाकांचा होता. गुणवंतकाका म्हणजे खळदकर कुलवृत्तांत मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस आणि संपादक. मंडळाच्या सभेला हजर राहणारे सभासदही बहुधा तेच. निवृत्त हेडमास्तर असल्यामुळे अक्षर टपोरं, रेघा पट्टीने मारलेल्या. सासवडजवळच्या खळद गावचे मूळ पुरुष कोणी बाळंभट सगळ्यांत वर चौकटीत बसले होते आणि त्यांच्यापासून निघालेल्या चौकटी फांद्याफांद्यांनी पानाच्या तळापर्यंत उतरल्या होत्या.

प्रसन्नचे साहेब कुरोसे-सान यांनी तो कागद बँकेच्या प्रोजेक्टचा आराखडा समजून तपासायला घेतला होता. त्यांना मराठी येत नव्हतं, पण चौकटी येत होत्या.

“कारादोकारु-सान,” ते म्हणाले. खळदकर या आडनावाचं जपानी जिभेवर एवढंच शिल्लक राहतं. “रचना चांगली आहे. वरून खाली नीट येते. पण बाकीच्या रेघा तळापर्यंत पोचतात आणि ही एकच मधे थांबते. ही चौकट लोंबकळते आहे.”

त्या चौकटीभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. आत काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘लक्ष्मण. जपानास गेला. पुढे माहिती नाही.’

प्रसन्नने कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत खुलासा केला की हे ऑफिसचं काम नसून त्याचे वाडवडील आहेत. त्यावर सगळ्यांनी एकसुरात लांबलचक “होओओ” केलं. त्याला वाटलं, संपलं. पण कुरोसे-सानांच्या घराण्याच्या चौदा पिढ्या गावच्या देवळात नोंदलेल्या होत्या, त्यामुळे हे प्रकरण त्यांना बँकेपेक्षा गंभीर वाटलं.

“बाकीच्यांची माहिती इंडियात असेल,” ते म्हणाले. “यांची जपानात आहे. तुम्ही जपानात आहात.”

जपानी साहेब अशी दोन वाक्यं शेजारी ठेवून गप्प बसला, की तिसरं वाक्य आपलं असतं. पुढच्या सोमवारच्या आढावा बैठकीत सगळी कामं संपल्यावर कुरोसे-सानांनी चष्मा काढून विचारलं, “आणि लक्ष्मण-सान? प्रगती?”

काकांनी फॅक्सच्या तळाशी वेगळंच कळवलं होतं: ‘जपान विभागप्रमुख म्हणून तुझी एकमताने निवड झाली आहे. अभिनंदन. मजकूर छापखान्यात जायचा आहे, तरी सर्वपित्री अमावास्येच्या आत कळवणे.’ एकमत कोणाचं, हे उघड होतं.

त्याच सोमवारी संध्याकाळी त्याने पुण्याला वडिलांना फोन लावला. नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे. लक्ष्मणकाका हा त्यांचा सख्खा धाकटा काका. हे नाव प्रसन्नने लहानपणी ऐकलं होतं, पण घरात अशी बरीच नावं असतात. कोणी बडोद्याला गेलेला, कोणी संन्यास घेतलेला. त्यातलं एक. नानांचं तसं नव्हतं.

“मी चार वर्षांचा होतो,” नाना म्हणाले. “जेजुरी स्टेशनापर्यंत मला खांद्यावर बसवून नेलं त्याने. काळा कोट, काळी टोपी, पांढरंशुभ्र धोतर. मुंबईच्या कुठल्या रेशमाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता, त्याने योकोहामाच्या पेढीवर पाठवलं. गाडीत चढला आणि मला म्हणाला, ‘येतो हं, दत्तू.’ पुढे पत्रं यायची. टेकडीच्या पायथ्याशी बाजार आहे, वर गोऱ्यांचे बंगले आहेत, थंडी फार आहे. मग लढाई सुरू झाली आणि पत्रंही थांबली.”

“मग तुम्ही लोकांनी शोध नाही घेतला?”

“तू सहा वर्षं तिथे आहेस,” नाना म्हणाले. “तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं?”

“नाना, बारा कोटी माणसं आहेत इथे.”

“त्यात खळदकर किती असतील?”

मग नानाच म्हणाले, “मला एवढंच कळव, की तो आहे का गेला. दर सर्वपित्रीला त्याचं एक पान वाढतो, पण नाव घेत नाही. जिवंत माणसाचं श्राद्ध कसं करायचं? आणि गेला असेल तर इतकी वर्षं आपण त्याला उपाशी ठेवला, त्याचं काय?”

लक्ष्मणकाका योकोहामाला गेला तोही दोनच वर्षांसाठी, हे नानांनी जाता जाता सांगितलं होतं. प्रसन्न टोकियोला आला तोही दोनच वर्षांसाठी. आतल्या खोलीत त्याची आठ वर्षांची मुलगी नुपूर बाहुलीला झोपवत होती, जपानीत.

*

फुनाबोरीच्या त्यांच्या इमारतीत सल्ल्याचं खातं मोहन रिसबुडांकडे होतं. रिसबूड डोंबिवलीचे, वरच्या मजल्यावर राहायचे, आणि चार वर्षांत जपान संपूर्ण समजलेला तो एकमेव मनुष्य होता. मेधाने, म्हणजे प्रसन्नच्या बायकोने, बटाटेवडे तळायला घेतले की रिसबुडांना ते कसं कळतं याचा मात्र शोध लागला नव्हता.

“सोपं आहे,” दुसरा वडा उचलत रिसबूड म्हणाले. “जपान म्हणजे रेकॉर्ड. इथे कुत्र्याचीसुद्धा नोंदणी करावी लागते. तुमचे आजोबा काय कुत्र्यापेक्षा कमी आहेत?”

“अहो, काय बोलताय!” मेधा म्हणाली.

“उदाहरण दिलं, वहिनी. वॉर्ड ऑफिसात जायचं, वाकायचं आणि एकच शब्द बोलायचा: ‘युकुए-फुमेई’. म्हणजे ठावठिकाणा माहीत नाही. हा शब्द ऐकला की जपानी माणूस जेवण टाकून उठतो.”

शब्द बरोबर होता. तो कुठल्या प्रसंगी वापरतात, एवढंच सांगायचं राहिलं.

प्रसन्न अर्धी रजा टाकून योकोहामाच्या वॉर्ड ऑफिसात गेला. खिडकीवरचा तरुण इतका नम्र होता की त्याच्याशी भांडण्याची सोयच नव्हती. जुनी नोंद पाहायची तर अर्जदार त्या व्यक्तीचा नातलग असल्याचा पुरावा हवा, असं त्याने सांगितलं. कसला पुरावा? घराण्याचा नोंदणीदाखला. भारतात असा दाखला नसतो, प्रसन्न म्हणाला. मग वंशवृक्ष चालेल, तरुण म्हणाला, मात्र तो पूर्ण हवा. प्रसन्नने फॅक्स पुढे केला. तरुणाने तो आदराने दोन्ही हातांनी घेतला, बोट फिरवत फिरवत खाली आला आणि नेमका लक्ष्मणच्या चौकटीवर थांबला.

“हे अपूर्ण आहे,” तो हळहळून म्हणाला.

“ते पूर्ण करायलाच मी आलोय!”

“हो. पण पूर्ण झाल्याशिवाय आम्हाला नोंद दाखवता येणार नाही.”

प्रसन्नने त्याला हे पुन्हा एकदा वेगळ्या शब्दांत समजावलं आणि त्या तरुणानेही तेच पुन्हा एकदा वेगळ्या शब्दांत समजावलं. शेवटी तो आत गेला, एका वयस्कर बाईंना घेऊन आला. त्या दोघांनी आपसांत बोलून निर्णय सांगितला, की तसंही लढाईपूर्वीच्या परदेशी माणसांच्या नोंदी त्यांच्याकडे नाहीत. बाँबहल्ल्यात शहर जळलं त्यात त्या गेल्या. आणि मग दोघंही कमरेत वाकून म्हणाली, “फार गैरसोय झाली. क्षमा करा.”

“त्यांनी दुसऱ्या महायुद्धाबद्दल माझी माफी मागितली,” घरी आल्यावर प्रसन्न म्हणाला.

“मग तू काय म्हणालास?” मेधाने विचारलं.

“मी म्हणालो, काही हरकत नाही.”

*

सर्वपित्री जवळ आली होती. जपान्यांचाही तो पितरांचा आठवडा. गाड्यांतून माणसं हातात फुलं घेऊन गावोगावच्या थडग्यांकडे निघालेली. रविवारी प्रसन्न मेधा आणि नुपूरला घेऊन योकोहामाला गेला. म्हणायला समुद्र बघायला, पण इशिकावाचो स्टेशनला उतरल्यावर त्याचे पाय बंदराकडे न वळता टेकडीकडे वळले. नानांनी सांगितल्यासारखाच पायथ्याशी बाजार होता. दोन्ही बाजूंना दुकानं, खांबाखांबाला कर्णे, त्यांतून बारीक आवाजात गाणी. कोपऱ्यावर कोबान, म्हणजे एका खोलीची पोलीस चौकी. आत एक तरुण पोलीस वहीत काहीतरी खोडत बसला होता.

“नुसतं विचारतो,” प्रसन्न मेधाला म्हणाला. “इथल्या कोणी म्हाताऱ्यांना आठवत असेल तर.” नुपूर बाहेर मांजराशी खेळत होती, नाहीतर पुढचा अनर्थ तिथेच टळला असता.

प्रसन्न वाकला आणि रिसबुडांनी शिकवलेला शब्द त्याने खणखणीत उच्चारला. पोलीस ताडकन उभा राहिला.

“कोण?”

“लक्ष्मण खळदकर. माझे आजोबा. चुलत.”

“वय?”

प्रसन्नने मनात हिशेब केला. “त्र्याण्णव.”

पोलिसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “शेवटचे कुठे दिसले?”

“स्टेशनवर,” प्रसन्न म्हणाला. जेजुरी हा शब्द त्याने विचारपूर्वक गाळला. समोरच्या भिंतीवरच्या नकाशात जेजुरी नव्हतं.

“अंगावर काय होतं?”

“काळा कोट, काळी टोपी आणि...” धोतराला जपानी शब्द नव्हता. “कमरेला पांढरं कापड. मोठं.” त्याने हाताने निऱ्या करून दाखवल्या.

पोलिसाने लिहिलं: कमरेला पांढरी चादर. मग आवाज खाली आणून विचारलं, “आठवण गेलेल्यांच्या हॉस्पिटलमधून निघालेत का?”

हा प्रश्न प्रसन्नला कळला नाही. न कळलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं, हे सहा वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

“काळजी करू नका,” पोलीस म्हणाला आणि दोन्ही हातांनी दोन फोन उचलले.

“बघितलंस?” बाहेर येऊन प्रसन्न मेधाला म्हणाला. “याला म्हणतात काम. आपल्याकडे असतो तर आधी साहेब चहाला गेलेत म्हणाले असते.”

समोरच्या बाकावर बसून त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. पहिली पुरी संपायच्या आत खांबांवरची गाणी थांबली. टिंग-टाँग वाजलं आणि हरवलेल्या लहान मुलांची घोषणा करतात त्या गोड, घोळवलेल्या सुरात एक बाई बोलू लागली. खांबाखांबावरून तेच शब्द एकमेकांच्या मागे धावत टेकडीवर चढले.

नुपूर पुरी हातात धरून ऐकत राहिली. मग डोळे मोठे करून म्हणाली, “बाबा, आपल्या आडनावाचे एक आजोबा हरवलेत! त्यांना काही आठवत नाही आणि ते चादर गुंडाळून फिरतायत. आपण शोधायला मदत करू या ना!”

प्रसन्नच्या घशात पुरी अडकली.

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं त्याबद्दल जपानी समाजाला दोष देता येणार नाही. तो फक्त चांगला वागला. दंडाला हिरव्या पट्ट्या बांधलेल्या स्वयंसेवक बायका गल्लीगल्लीत शिरल्या. तांदूळवाल्याने दुकान बंद करून सायकल काढली. दोन आजोबा, जे स्वतःच नव्वदीला टेकले असतील, काठ्या टेकत ‘बिचारा म्हातारा’ म्हणत नाल्याच्या कडेने शोधू लागले. प्रसन्न कोबानकडे धावला खरा, पण तिथे आता टेबलावर नकाशा पसरला होता, त्यावर रंगीत खडूने भाग पाडले होते आणि एवढ्या शिस्तीत ‘थांबा’ कुठे म्हणायचं हेच त्याला सुचेना.

एवढ्यात जल्लोष झाला. लक्ष्मण खळदकर सापडले होते!

हिरव्या पट्टीच्या बायकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी अलगद धरून आणलं. खांद्यावर शाल घातलेली, हातात गरम चहाचा कॅन दिलेला. ते इथले जुने सिंधी कापडव्यापारी होते. पांढरा पायजमा आणि काळा कोट घालून झाडाखाली डुलकी काढत बसले होते. प्रसन्नचा भारतीय चेहरा दिसताच ते कडाडले, “कौन है आपका दादा? मैं तो अभी साठ का भी नहीं हुआ!” आपल्याला उचलून आणलं याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. त्र्याण्णव समजून उचललं, हे जिव्हारी लागलं होतं.

मग सगळं बाहेर आलंच.

“शेवटचे दिसले ते स्टेशन कुठलं?” पोलिसाने विचारलं.

“जेजुरी.”

“हे कुठे आहे?”

“इंडियात.”

“केव्हा दिसले?”

“शोवा राजवटीच्या दुसऱ्या साली.”

पोलिसाने पेन खाली ठेवलं. सत्तर वर्षांपूर्वी हरवलेल्या माणसासाठी दुकान बंद करून आलेला तांदूळवाला प्रसन्नकडे बघत राहिला. कोणी रागावलं नाही, हीच तर पंचाईत. शरमेने प्रसन्नचे कान तापले. तो वाकला. आधी पोलिसासमोर, मग तांदूळवाल्यासमोर, मग हिरव्या पट्ट्यांसमोर एकेक करून, मग त्या दोन आजोबांसमोर, ज्यांना अजून नीट समजलं नव्हतं आणि जे उलट त्याचंच सांत्वन करत होते. मेधाही वाकत होती आणि वाकता वाकता मराठीत पुटपुटत होती, “आता त्या रिसबुडांना वडे घालते मी, बघच.”

तो असा वाकलेला असतानाच त्याला समोर दोन पाय दिसले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात घरातली सपात.

साठीच्या पुढची एक बाई धापा टाकत उभी होती. गळ्यात मोजपट्टी, ॲप्रनला टाचण्या टोचलेल्या. टेकडीवरून धावत आली असावी.

“ते नाव,” तिने पोलिसाला विचारलं. “आता कर्ण्यावर सांगितलं. राकुश्युमान कारादोकारु. सापडले का?”

“तुम्ही कोण?”

“मुलगी,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिची नजर शालीतल्या सिंधी गृहस्थांवर गेली आणि तिथेच खिळली. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते प्रसन्नला पुढे कधी कोणाला सांगता आलं नाही. ते गृहस्थही राग विसरले. त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि फक्त मान हलवली, नाही म्हणून. तिने त्यांना वाकून नमस्कार केला. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि वेडीवाकडी झालेली मोजपट्टी गळ्यात सरळ करत राहिली.

*

तिचं नाव हारुको. चढाच्या मध्यावर तिचं कपडे आल्टर करण्याचं छोटंसं दुकान होतं, मागे राहायची खोली. पोलिसाने सगळ्यांना तिथपर्यंत पोचवलं आणि त्याने आणखी काही विचारलं नाही. जपानीतलं अवघड बोलणं नुपूर सांगत होती. आईवडिलांपेक्षा आपल्याला जास्त कळतं या आनंदात तिने एक शब्द सोडला नाही.

हारुकोची आई रेशमाच्या पेढीवर शिवणकामाला होती. लक्ष्मणशी लग्न झालं ते पेढीतल्या चार माणसांसमोर. सरकारदरबारी नोंद झाली नाही, त्यामुळे मुलीच्या दाखल्यावर बापाची जागा कोरीच राहिली. खळदला त्याने हे कळवलं नव्हतं. समक्ष सांगेन, म्हणायचा. एक्केचाळीस साली लढाईचं वारं वाढलं, पेढी बंद झाली, मालकाने माणसांना बोटीने परत न्यायचं ठरवलं. हारुको तेव्हा सात वर्षांची. गावी जातो, मोठ्या भावाला सगळं सांगतो आणि तुम्हाला न्यायला येतो, असं ठरलं होतं. बोट सिंगापूरला लागल्याचं पेढीच्या लोकांकडून कळलं. त्यापुढे काही नाही. खळदला तो पोचला नव्हता, हे तिला आज कळत होतं. इतकी वर्षं ती समजत होती की तो घरी पोचला आणि आपल्या माणसांत राहिला.

“म्हणजे तो आम्हाला विसरला नव्हता,” ती म्हणाली. हे तिने विचारलं नव्हतं, स्वतःशीच म्हटलं होतं.

खोलीत देव्हाऱ्यासारखं लाकडी कपाट होतं. आत आईचा फोटो, समोर फुलं, भाताची वाटी. वडिलांचा फोटो मात्र शिवणयंत्राच्या वर भिंतीला टांगला होता. काळी टोपी, पुढे आलेले कान. मेधाने आधी फोटोतले कान बघितले, मग नवऱ्याचे.

“तो तिकडे का नाही ठेवला?” प्रसन्नने कपाटाकडे हात करून विचारलं.

“तिथे गेलेल्यांना ठेवतात. ते ‘इत्ते किमासु’ म्हणून निघाले.”

याचं भाषांतर नुपूरला करावं लागलं नाही. शाळेला निघताना ती रोज दारात हेच म्हणायची. जाऊन येतो.

हारुकोने चहा केला. मग थोडं लाजत म्हणाली, की वडिलांचं एक वाक्य तिला पाठ आहे, पण अर्थ माहीत नाही. या उतारावरून ती लहानपणी धावत सुटायची आणि ते मागून हाक मारायचे. तिने बाजारातल्या भारतीय दुकानदारांना विचारून पाहिलं, कोणाला सांगता आलं नाही.

“हारु, हारु, पादाशिरु,” ती म्हणाली. “हारु म्हणजे मी. पुढचा शब्द काय आहे?”

प्रसन्नने ते मनात दोनदा घोळवलं. ळ नसलेल्या, ल नसलेल्या जिभेवरून त्याने अक्षरं एकेक करून परत उचलली.

“हळू, हळू,” तो म्हणाला. “पडशील.”

नुपूरने सांगितलं. हारुको तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “मग ते माझं नाव नव्हतं?”

प्रसन्नला वाटलं, आपण उगाच खरं बोललो. साठ वर्षं जपून ठेवलेली हाक आपण घरात येऊन एका तासात काढून घेतली.

“नाव कोणी ठेवलं तुमचं?” मेधाने विचारलं.

“त्यांनीच.”

“मग दोन्ही असेल,” मेधा म्हणाली. “एकाच हाकेत दोन्ही कामं. आपल्यातले पुरुष असेच आळशी.”

नुपूरने हेही इमानेइतबारे सांगितलं आणि हारुको हसली. हसता हसता तिने ॲप्रन तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढे या शाखेवरून गुणवंतकाकांनी पुष्कळ घोळ घातला. दाखल्यावर नाव नाही तर नोंद कशी करायची, गोत्र कोणतं लावायचं, यावर मंडळाने स्वतःशीच तीव्र मतभेद केले. कुरोसे-सानांनी बैठकीत उभं राहून टाळ्या वाजवल्या. रिसबूड अजून सांगतात की तो शब्द त्यांचाच. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी प्रसन्नने हारुकोच्या दुकानातून पुण्याला फोन लावला.

नानांची अशी समजूत होती की फोन जितक्या लांबचा, तितका आवाज मोठा हवा. त्यामुळे त्यांचं बोलणं खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. प्रसन्नने सांगितलं तेवढं त्यांनी मधे न बोलता ऐकलं.

“तिथी?” शेवटी ते ओरडले. “तिथी कळली का?”

“नाही, नाना. सिंगापूरच्या पुढे कोणालाच काही माहीत नाही. ही पण वाटच बघत होती. येतो म्हणून गेले, म्हणाली.”

मग नाना म्हणाले, “यंदाही पान वाढीन. नाव नको घ्यायला.” आणि लगेच, “तिला फोन दे.”

“अहो, तिला मराठी येत नाही.”

“मला कुठे जपानी येतं? दे म्हणतो ना!”

हारुकोने रिसीव्हर दोन्ही हातांत घेतला. फोनवरच्या माणसाला आपण दिसत नाही हे विसरून ती वाकली. मग नुपूरला हलक्या आवाजात विचारलं, यांना काय म्हणायचं? नुपूरने आईकडे पाहिलं. मोठा चुलतभाऊ, मेधाने सांगितलं, म्हणजे दादा. या शब्दात ल नव्हता, ळ नव्हता, जपानी जिभेला अडेल असं काहीच नव्हतं.

“दादा,” हारुको म्हणाली. स्वच्छ, पुण्यात म्हणतात तसं.

खोलीतल्या सगळ्यांनी नानांच्या ओरडण्याची वाट पाहिली. पण नाना ओरडले नाहीत. इतक्या हलक्या आवाजात, की रिसीव्हरला कान लावल्याशिवाय ऐकू येऊ नये, ते म्हणाले, “बोल गं.”